मिठाच्या बरणीची विद्या : मुंबई-गोव्याच्या हवेत सिगार जपणाऱ्या बोव्हेडा पुड्यांचं परीक्षण

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की कोकणपट्टीतल्या स्वयंपाकघरांत मिठाला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते तिच्यापैकी प्रत्यक्ष असलेली वाफ, ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून घेतं आणि ती खाली आली की ओढलेलं पाणी परत सोडतं. ओलं मीठ एखाद्या बंद डब्यात ठेवलं, तर डब्यातली हवा आपोआप ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. प्रत्येक क्षाराचा असा आपापला आकडा ठरलेला असतो. मॅग्नेशियम क्लोराइडचा साधारण ३३, पोटॅशियम कार्बोनेटचा ४३. बोव्हेडाची पुडी याच तत्त्वावर चालते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली ही कंपनी क्षार आणि शुद्ध पाणी यांचं घट्टसर द्रावण एका पातळ पडद्याच्या पाकिटात भरते. पडद्यातून वाफ आत-बाहेर जाते, पाणी जात नाही. डबा कोरडा पडला की पुडी वाफ सोडते, दमट झाला की शोषते. वीज, पंखा, भरायचं पाणी यांपैकी काहीच लागत नाही.

सिगार आणि व्हिस्की जमवणाऱ्यांच्या घरात या पुडीवर जितका विश्वास टाकला जातो, तितकेच तिच्याबद्दल गैरसमजही आहेत. आमचं मत आधीच सांगतो : समुद्रकाठच्या हवेसाठी आज मिळणाऱ्या साधनांत हे सगळ्यांत भरवशाचं आहे. मात्र ते हवाबंद डब्यातच. शोभेच्या लाकडी पेटीत हीच पुडी पावसाळ्यात हरते. आणि सिगारच्या सगळ्यांत मोठ्या शत्रूवर, म्हणजे किड्यावर, तिचा काडीचाही परिणाम होत नाही.

पुड्या ८, ६० आणि ३२० ग्रॅमच्या मिळतात. पुडी जितके टक्के सापेक्ष आर्द्रता धरून ठेवते तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. सिगारसाठी ६५, ६९ आणि ७२ असे आकडे प्रामुख्याने वापरले जातात. ६२चेही चाहते आहेत. ८४ची पुडी लाकडी पेटी मुरवण्यासाठी, म्हणजे कोऱ्या लाकडाला आधी ओल पाजण्यासाठी असते, तिच्यासोबत सिगार ठेवायचे नसतात. कामाची खरी पुडी ६० ग्रॅमची. ८ ग्रॅमची प्रवासातल्या चार-पाच सिगारच्या डबीपुरती ठीक, कायमच्या साठ्यात ती लवकर थकते. हिशेब सोपा आहे : पेटीत जितके सिगार मावू शकतात, त्यातल्या दर २५ मागे ६० ग्रॅमची एक पुडी. आत्ता आत किती आहेत ते मोजायचं नाही, कारण पुडीला सांभाळायची असते पेटीतली सगळी हवा आणि पेटीचं लाकूड. पुड्या जास्त झाल्या तर बिघडत नाही, उलट प्रत्येकीवरचा भार कमी होऊन त्या जास्त टिकतात. कमी पडल्या तर आकडा गाठायला उशीर लागतो आणि एकेक पुडी लवकर संपते.

एवढ्याशा पुडीने होणार काय, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर वजनात आहे. रोबुस्टो आकाराचा सिगार ५ इंच लांब आणि ५० रिंग गेजचा असतो. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी २० मिलिमीटरच्या आसपास. असा एक सिगार १२ ग्रॅमच्या सुमाराचा धरला, तर २५ सिगारचे ३०० ग्रॅम होतात. चांगल्या अवस्थेतल्या तंबाखूत १३-१४ टक्के पाणी असतं, म्हणजे सगळे मिळून साधारण ४० ग्रॅम. त्यात चार-पाच ग्रॅमचा फरक पडला तरी सिगारचा लवचीकपणा बदलतो. ६० ग्रॅमची पुडी तेवढी भर सहज घालू शकते किंवा तेवढं पाणी पोटात घेऊ शकते. अट एकच : बाहेरच्या हवेने त्या व्यवहारात हात घालता कामा नये.

आकडा कोणता घ्यावा

दुकानात ६९ची पुडी पुढे केली जाते, कारण सुबक लाकडी पेट्यांसाठी कंपनीची शिफारस तीच असते. लाकूड थोडी आर्द्रता खातं, झाकणातूनही थोडी निसटते आणि सिगारपर्यंत ६५-६६ पोहोचते. हवाबंद डब्यात गळती नसते, त्यामुळे पुडीवर जे छापलंय तेच आत मिळतं. म्हणून प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या हवाबंद डब्यात ६५ घ्यावी, ६९ नव्हे.

यामागचं एक कारण नेहमी चुकीचं सांगितलं जातं : ‘उष्ण हवेत वाफ जास्त मावते, म्हणून आकडा कमी घ्या.’ वाफ जास्त मावते हे खरंच आहे. ६५ टक्क्यांना ३० अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरमागे २० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, २० अंशांच्या हवेत ११ ग्रॅम. पण तंबाखूचं पान एकूण वाफेला दाद देत नाही, सापेक्ष आर्द्रतेला देतं. आपल्याकडे ६५ घेण्याचं खरं कारण एसी आहे. समजा डबा २८ अंशांच्या खोलीत आहे आणि रात्री एसी लावल्यावर त्याची एक बाजू २५ अंशांवर येते. डब्यातल्या वाफेला जायला जागा नाही, त्यामुळे त्या थंड कोपऱ्यात ६९चे ८१-८२ टक्के होतात. तेवढ्यावर बुरशी मजेत वाढते. ६५ असेल तर त्याच कोपऱ्यात ७७ होतात. तेही बरं नाही, पण पुडीला ओढून घ्यायला वेळ मिळतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे दिवसाआड एसी चालू-बंद होणारं घर असेल, तर हा चार टक्क्यांचा फरक साठा वाचवतो.

दुसरं कारण ओढण्याशी निगडित आहे. जुलैत गॅलरीत बसून पेटवलेला सिगार तासभर ८५-९० टक्के दमट हवेत असतो. ६५वर मुरलेला असेल तर तो सरळ जळतो. ६९-७०वर ठेवलेला असेल तर वारंवार विझतो, एका बाजूने जळत जातो आणि आतलं पान फुगून बाहेरचं रॅपर, म्हणजे वरून गुंडाळलेलं पान, फुटतं. झुरका घ्यायला जोर लागतो तो वेगळाच. क्युबन सिगार अनेकदा मुळातच ओलसर येतात, त्यांना तर ६२ किंवा ६५च द्यावी.

विदर्भ आणि मराठवाड्यात गणित उलटं फिरतं. मे महिन्यातल्या दुपारी नागपूर-अकोल्याची हवा २० टक्क्यांच्याही खाली कोरडी होते. तिथे लाकडी पेटी असेल तर ६९ योग्य आणि पुडी लवकर संपणार हे गृहीत धरावं. डबा हवाबंद असेल तर तिथेही ६५च. एक नियम सगळीकडे सारखा आहे : एका डब्यात दोन वेगळ्या आकड्यांच्या पुड्या ठेवायच्या नाहीत. ६५ची पुडी शोषत राहते, ६९ची सोडत राहते आणि दोघी एकमेकींना संपवतात.

पुडी नव्हे, डबा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. पॉलिश केलेली, काचेच्या झाकणाची, पुढे पितळी काट्याचं हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) लावलेली ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, भेट म्हणून येते आणि साठा तिच्यात जातो. या पेटीचं झाकण आपल्या वजनावर बसतं. काठावर कागद ठेवून झाकण बंद करा आणि कागद ओढून बघा. सहज निघाला तर ती पेटी पावसाळ्यात बंद नाहीच असं समजा. काचेच्या झाकणाच्या कडा आणखी दगा देतात. अशा पेटीत जुलैमध्ये बोव्हेडाची पुडी दिवसरात्र बाहेरची हवा सुकवत बसते. दोन-तीन आठवड्यांत ती उशीसारखी टम्म फुगते.

फुगलेल्या पुडीचं पुढे काय होतं हे समजून घेतलं पाहिजे. पुडीचा आकडा टिकतो तो तिच्यात न विरघळलेला क्षार शिल्लक असेपर्यंत. बाहेरची वाफ पिऊन पिऊन सगळा क्षार विरघळला की द्रावण पातळ होतं आणि पुडी ६५ऐवजी ७०-७५ धरू लागते. पुडी मऊ आहे म्हणून मालक निर्धास्त असतो आणि आत सिगारच्या टोकांवर पांढरी लव चढते. कडक पुडी संपलेली असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण टम्म फुगलेली पुडीही निकामी झालेली असू शकते हे दुकानदार सांगत नाहीत.

त्यामुळे डबा घ्यावा तो चारही बाजूंनी पट्ट्या लागणारा, झाकणात सिलिकॉनची रबरी कडा असलेला, खाद्यपदार्थांसाठीचा. ५ लिटरच्या डब्यात रोबुस्टो आकाराचे ५० सिगार मोकळेपणाने राहतात आणि ६० ग्रॅमच्या दोन-तीन पुड्यांत काम भागतं. डबा नवाच हवा. लोणच्याचा, मसाल्याचा, कॉफीचा धुतलेला डबा चालणार नाही. प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास तंबाखू दोन आठवड्यांत उचलते आणि मग तो जात नाही. नवा डबाही कोमट पाण्याने, वास नसलेल्या साबणाने धुऊन दोन दिवस उघडा सुकवावा. मग झाकण लावून दिवसभर उबदार जागी ठेवून उघडताच हुंगावं. प्लॅस्टिकचा वास आला तर तो डबा डाळीसाठी वापरा.

आत लाकूड हवं असेल तर सिगार ज्या पेटीत येतात तिच्या फळ्या किंवा लाकडाचे पातळ पापुद्रे घालावेत. ते स्पॅनिश सीडरचं लाकूड असतं. नावात सीडर असलं तरी हे झाड महोगनीच्या कुळातलं आहे. आपल्याकडचा तूण त्याचा जवळचा नातेवाईक आणि भारतात सिगारच्या पेट्या त्याच्या लाकडाच्या होत असत. सुताराला ‘सीडर’ सांगितलं की तो देवदार किंवा पाइन आणून देतो, ते अजिबात घेऊ नये. त्यांच्यातला राळेचा वास आणि चिकटा सिगारवर उतरतो. प्लायवूड, सनमायका, फेव्हिकॉलचे ताजे सांधे यांनाही आत जागा नाही. ज्या कपाटात डबा ठेवणार, त्यात डांबरगोळ्या, कापूर, अत्तर नसावं.

लाकडी पेटीच वापरायची असेल तर ती मुरवूनच वापरावी. ८४च्या पुड्या, दर २५ सिगारच्या जागेमागे एक, आत ठेवून पेटी १४ दिवस बंद. मध्ये उघडून बघायचं नाही. आतून ओला कपडा फिरवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण लाकडाचे तंतू उठतात आणि फळी वाकते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हा खटाटोप अनावश्यक असतो. पेटी आधीच हवेतलं पाणी पिऊन बसलेली असते आणि तिला ६५च्या पुड्यांनी उलट सुकवावं लागतं. तेव्हा सिगार घालण्याआधी पुड्या आठवडाभर एकट्याच आत ठेवाव्यात. फुगल्या तर बदलून आणखी आठवडा.

मोजमाप

पेटीवरचं पितळी काट्याचं हायग्रोमीटर ही नुसती शोभेची वस्तू आहे, त्याच्या भरवशावर काही ठरवू नये. डिजिटल घ्यावं, पण तेही तपासून. पद्धत घरगुती आहे : बाटलीच्या झाकणात एक चमचा मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं करायचं. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत हवा थोडी ठेवून बंद करायचं आणि एसी नसलेल्या खोलीत २४ तास सोडायचं. आकडा ७५ आला पाहिजे. ७० आला तर त्या यंत्रात नेहमी ५ मिळवायचे, मागे चिकटपट्टीवर तसं लिहून ठेवायचं. स्वस्तातली डिजिटल यंत्रं ५ टक्क्यांपर्यंत सहज चुकतात. ‘पुडी ६५ची आणि मीटर ६१ दाखवतं, माल बनावट दिसतो’ अशा तक्रारींचं मूळ बहुतेकदा मीटरमध्येच सापडतं.

पुडीचं आयुष्य वजनावरून कळतं. स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर नवी पुडी ठेवा, तारीख आणि वजन तिच्यावरच पेनाने लिहा. महिन्यातून एकदा परत तोला. वजन उतरत गेलं आणि बोटांना खडे जाणवू लागले तर नवी मागवायची वेळ झाली. पूर्ण कडक होण्याची वाट बघू नये. वजन चढत असेल तर डबा गळतोय किंवा नवे सिगार ओले आले आहेत. नवा खोका आल्यावर पहिले दोन आठवडे वजन चढणं साहजिक आहे, त्यानंतर थांबलं पाहिजे. लाकडी पेटीत पुडी दोन ते चार महिने जाते. चांगल्या हवाबंद डब्यात ती वर्षभर मऊ राहू शकते.

कडक झालेली पुडी पाण्यात भिजवून परत वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कंपनी त्याला नाही म्हणते आणि ते बरोबर आहे. किती पाणी आत गेलं ते कळत नाही, जास्त गेलं की वर सांगितलं तसा सगळा क्षार विरघळतो आणि आकडा चढतो. नळाचं पाणी असेल तर बुरशीला आमंत्रण. एका पुडीची किंमत एका बऱ्या आयात सिगारपेक्षा कमी असते. पन्नास सिगारच्या जिवावर तेवढी काटकसर करू नये. विकत घेताना बाहेरच्या वेष्टनातूनच दाबून बघावी : मऊ, लिबलिबीत हवी. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेली पुडी वेष्टनातही कडक होते.

पुडी सिगारला टेकली तरी डाग पडत नाही, तरीही ती झाकणाला किंवा वेगळ्या कप्प्यात लावावी. खिळा, कटरची धार किंवा फळीचं कुसळ लागून कोपरा फाटला तर आतला खारट चिकटा रॅपरवर पसरतो आणि तो सिगार गेला.

पर्यायांशी तुलना

पेटीसोबत फुकट येणारा हिरवा स्पंज डिस्टिल्ड पाण्यानेही भरू नका, सरळ काढून टाका. तो फक्त वाफ सोडतो, शोषत नाही, आणि त्याच्या जवळचे सिगार नव्वद टक्क्यांत राहतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल (ओल धरून ठेवणारं द्रव्य) घातलेले जेलचे खडे त्यापेक्षा बरे, पण पावसाळ्यात तेही पाणी घेण्यात कमी पडतात. सिलिकाचे ठरावीक आकडा धरणारे मणी चांगले काम करतात, मोठ्या कपाटासाठी तर स्वस्तही पडतात. मात्र त्यांच्यावर पाणी कधी आणि किती शिंपडायचं याचा हात बसावा लागतो. छोट्या साठ्यासाठी पुडीच.

विजेवर गार राहणाऱ्या सिगारच्या कपाटांबद्दल बरंच विचारलं जातं. कंप्रेसर नसलेली स्वस्त कपाटं खोलीपेक्षा दहा-बारा अंशांनीच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असेल तर आत २२-२४, तेही मोटार सतत चालवून. शिवाय थंड पट्टीवर पाणी साचतं आणि आतली हवा सुकते, त्यामुळे पुड्या भराभर संपतात. शंभरच्या आत सिगार असतील तर ते पैसे चांगल्या सिगारवर खर्च करावेत आणि डबा घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवावा. तापमान नेमकं किती, यापेक्षा ते दिवसभरात किती हलतं हे जास्त महत्त्वाचं आहे. फ्रिजच्या वर, टीव्हीमागे, पश्चिमेच्या भिंतीला, एसीच्या झोताखाली कधीच नको.

किडा

तंबाखूचा किडा, शास्त्रीय नाव लासिओडर्मा सेरिकॉर्नी. प्रौढ किडा तांबूस तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा, पाठीला कुबड आल्यासारखा. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, ती पानासोबत कारखान्यातूनच येऊ शकतात. १८-२० अंशांच्या घरात ती निपचित पडून राहतात. ३० अंशांच्या आसपास त्यांची वाढ सगळ्यात जोमात होते आणि मुंबईच्या घराचं तापमान नेमकं तेच. अंडं आठवडा-दीड आठवड्यात फुटतं. अळी आतून पोखरत जाते आणि प्रौढ किडा टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक करून बाहेर येतो. भोक दिसलं म्हणजे आतलं काम झालेलं असतं. पुडी ६५ असो की ७२, किड्याला फरक पडत नाही.

म्हणून आपल्या हवेत येणारा प्रत्येक नवा सिगार आधी गोठवावा. परदेशी कारखान्यांनी गोठवलेला असेल तरीही, कारण मधल्या दुकानात तो कशाशेजारी होता ते कळत नाही. सिगार सेलोफेनसकट झिप पिशवीत घाला, हवा दाबून काढा, ती पिशवी दुसऱ्या झिप पिशवीत घाला. पुडी आत ठेवू नका. पहिले २४ तास फ्रिजच्या खालच्या भागात. मग फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर किमान ३ दिवस. एका दाराच्या साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही, तिथे थर्मामीटर ठेवून बघा. उणे दहा-बाराच येत असेल तर तीन दिवसांवर विसंबू नका, दोन-तीन आठवडे ठेवा किंवा डीप फ्रीझर शोधा. बाहेर काढताना परत २४ तास खालच्या कप्प्यात आणि मग पिशवी न उघडता खोलीत दिवसभर. घाई करून थेट उघडल्यास थंड पानावर दव धरतं, रॅपर एका दमात फुगतं आणि उभी चीर पडते. गोठवून झाल्यावर डब्यात तीन-चार आठवडे विश्रांती द्यावी, मगच पेटवावा.

सिगारवरच्या पांढऱ्या लवेला ‘प्लूम’ म्हणजे पानातून आलेलं तेलाचं तेज असं सांगून विकलं जातं. धाग्यांसारखी, ठिपक्याठिपक्यांची, पुसल्यावर डाग सोडणारी लव म्हणजे बुरशीच. फक्त वरच्या पानावर एखादा ठिपका असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झटकून तो सिगार वेगळ्या डब्यात ठेवता येतो. पेटवायच्या टोकाला, आतल्या पानांत दिसली तर टाकून द्यावा. असा सिगार ओढणं छातीसाठी आणखी वाईट. तंबाखूचा धूर कुठलाच निरुपद्रवी नसतो हे या छंदातल्या प्रत्येकाने मनात ठेवायला हवं, निदान बुरशीची भर तरी त्यात नको.

बाटल्यांचं काय

व्हिस्कीच्या कपाटातही या पुड्या ठेवणारे लोक आहेत. तिथे त्यांचा उपयोग नाही. बाटली काचेची, आत काय चाललंय ते बाहेरच्या आर्द्रतेला कळत नाही. बाहेर मात्र लेबल आणि खोका असतो आणि जमवलेल्या बाटलीचं निम्मं मोल त्यात असतं. त्याला ६५ टक्केही जास्त. त्यासाठी निळ्या-केशरी सिलिका जेलच्या पिशव्या पुरतात, रंग बदलला की उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर सुकवून परत. खोके भिंतीला टेकवू नयेत. पुस्तकांना लागते तीच कसर लेबलचा डिंक खाते. बाटलीला लेबलच्या भागावर पातळ क्लिंग फिल्मचा एक वेढा दिला की दोन्हींपासून वाचते.

बाटली उभीच ठेवायची. वाइनसारखी आडवी ठेवली तर ४०-५० टक्के अल्कोहोल बुचाला खातं, बूच भुसभुशीत होऊन उघडताना तुटतं. दोन महिन्यांतून एकदा काही सेकंद तिरकी करून बूच ओलं करावं एवढंच. उन्हाळ्याचा धोका निराळा आहे : ७५० मिलिलिटर व्हिस्की १५ अंशांनी तापली की आठ-एक मिलिलिटरने फुगते. वर मोकळी हवा असते जेमतेम २०-३० मिलिलिटर. तिच्यावर दाब येतो आणि दर उन्हाळ्यात थोडी थोडी वाफ बुचाच्या कडेने निसटते. ते डोळ्यांना दिसायला चार-पाच वर्षं लागतात, वजनकाट्याला आधीच कळतं. न उघडलेल्या बाटलीचं ग्रॅममधलं वजन वर्षातून एकदा वहीत लिहावं. उतरत असेल तर बुचाभोवती पॅराफिल्म (ताणली की चिकटणारी मेणासारखी पट्टी) ओढून लावावी, नाहीतर सरळ उघडून प्यावी.

उघडलेली बाटली निम्म्यावर आली की सहा-आठ महिन्यांत संपवावी. पाव राहिली तर लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावी. बाटलीत व्हिस्की जुनी होत नाही, ती पिंपातच होते. त्यामुळे बारा वर्षांची बाटली दहा वर्षं कपाटात ठेवून बावीसची होत नाही.

डब्यातल्या सिगारसोबत ठेवायला आपल्याच किनाऱ्यावरची एक मांडणी सुचवावीशी वाटते. गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्कीची भट्टी आहे. २०१२ साली लंडनमध्ये तिचं पहिलं सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत माल्ट केलेल्या सातूपासून बनलेली व्हिस्की, बाजारात आलं. कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेली भारतीय सातू आणि आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की भरलेली अमेरिकन ओकची पिंपं. गोव्याच्या उष्णतेत दर वर्षी पिंपातला ८ टक्क्यांच्या आसपास माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये तो २ टक्क्यांच्या घरात असतो. म्हणून सहा-सात वर्षांतच लाकडाची चव भरपूर उतरते. तिच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड या तिन्ही व्हिस्की ४६ टक्के अल्कोहोलच्या, थंड करून न गाळलेल्या. बर्फ घातल्यावर गढूळ दिसल्या तर तो दोष नाही. ब्रिलियन्सला पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर नाही, मधाळ आहे. फिकट कनेक्टिकट रॅपरच्या सौम्य सिगारसोबत ती छान जाते, काळ्या मादुरो रॅपरच्या सिगारखाली मात्र चिरडली जाते. एडिटेडमध्ये धूर हलका, ती मध्यम दमाच्या सिगारची खरी सोबतीण. बोल्ड पूर्ण धुराची आहे. तिला जड सिगार दिला तर जिभेला दोन्ही धुरांतला फरक कळत नाही, त्यामुळे आम्ही तिच्यासोबत उलट गोडसर, मध्यमच सिगार सुचवू. ५५.५ टक्क्यांची पीटेड सिलेक्ट कास्क असेल तर ३० मिलिलिटरमध्ये ६ मिलिलिटर पाणी घातलं की ती ४६च्या जवळ येते. सिगारसोबत तेवढं पाणी हवंच, नाहीतर जीभ बधिर होऊन सिगारचा मधला आणि शेवटचा भाग वाया जातो.

गोव्यातली ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ अशी छापील बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, ती किती जुनी किंवा दुर्मीळ आहे याला अर्थ नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. घरात बाटल्या बाळगायला १९४९च्या दारूबंदी कायद्याखालचा परवाना लागतो आणि त्यावर किती माल ठेवता येतो याला मर्यादा आहे. संग्रह मोठा होण्याआधी कागद पुरे करावेत. परदेशातून येताना विमानतळावर शुल्काशिवाय २५ सिगार आणि २ लिटर मद्य आणता येतं. तेव्हा पंचवीसचाच खोका घ्यावा, सुटे आणखी पाच नकोत. बॅगेत खोक्यासोबत ६५ची एक पुडी झिप पिशवीत घालून आणावी. विमानाच्या केबिनची हवा फार कोरडी असते आणि दहा तासांच्या प्रवासात पातळ रॅपर तडकतं.

खरेदीचा महिना मे. तेव्हा घेतलेल्या पुड्या वेष्टनातच ठेवाव्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात डब्याची रबरी कडा काढून धुवावी, सुकवावी, तडे बघावेत. कडेत एक केस अडकला तरी पुडी फुगू लागते. डब्यात जुन्या पुड्या काढून नव्या ठेवाव्यात. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत दहा दिवसांतून एकदाच, एसी लावून हवा कोरडी झालेल्या खोलीत, दोन मिनिटांसाठी डबा उघडावा. तेवढ्यात आतली कोंदट हवा बदलते आणि हवा तो सिगारही काढून होतो.